आधी गाव विचारा

मी नागपूरच्या मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरून जिथे तारेचं कुंपण वळताना दिसतं, त्याच्या थोडं अलीकडे आमचं वावर होतं. अंदाजानेच सांगते. विहीर बुजली, धुऱ्यावरच्या बाभळी गेल्या, खुणेला काही उरलं नाही. गाव तेल्हारा. मिहानसाठी शिवणगाव, खापरी, कलकुही, दहेगाव या गावांची जमीन गेली, त्यांतच हेही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, काढायची होती. आम्ही ओबीसी. म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा तरी, जात लिहिलेला कागद हवा. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. कागदाच्या जोडीला शपथपत्रावर वंशावळ. ज्यांच्या घरात शिकलेल्या पिढ्या आहेत त्यांना हे अवघड जात नाही, आजोबांचा शाळेचा दाखला पेटीत असतो. आमचे आजोबा शाळेत गेले नाहीत. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दुसरीपर्यंत गेले, पण त्या वर्षांचं दाखल-खारीज रजिस्टर सापडलं नाही. राहिले पणजोबा, आणि त्यांच्यासाठी राहिली दोनच ठिकाणं: गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, नाहीतर जमिनीची १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी.

मला वाटलं, हे तर आपलंच काम. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. जुन्या नोंदींची एक यादी संकेतस्थळावर होती आणि वर नाव शोधायची चौकट होती. पणजोबांचं नाव आणि आमचं आडनाव टाइप केलं. उत्तर आलं, एकही नोंद आढळली नाही. ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहिलं. आडनाव आधी, नाव नंतर, असंही केलं. चार रात्री गेल्या. पाचव्या दिवशी भावाने विचारलं, "मग आपली नोंदच नाही का?" भाच्याने मान खाली घातली. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत नांगर धरला, त्या घराला एक रिकामी चौकट सांगत होती की तुम्ही नव्हताच.

हा लेख मी त्या चौकटीसाठी लिहिते आहे.

घरातल्या माणसांची नावं इथे देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण आमच्या बाजूची कुठलीही जुनी पंजी उघडली तर काय दिसतं ते सांगते. तिथे आडनाव बहुधा नसतंच. 'अमुक वल्द तमुक, कौम कुणबी, सा. देह.' वल्द म्हणजे मुलगा, कौम म्हणजे जात, सा. देह म्हणजे याच गावचा राहणारा. बाईची नोंद असली तर 'जौजे' किंवा 'बेवा', म्हणजे कुणाची तरी बायको नाहीतर विधवा. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, त्याआधी मध्य प्रांत-वऱ्हाडात, आणि महसुलाची भाषा फारसी-हिंदी वळणाची. आडनावं अनेक घरांत शाळेसोबत आली. आणि आम्ही आडनावाने शोधत होतो.

नावांचं तर विचारूच नका. माधवचा माधो, यादवचा यादो, केशवचा केशो. विठोबाचा इठोबा. लक्ष्मणाचा लखमन. आमच्याकडे 'ण'चा 'न' होतो, वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, झाडीपट्टीत त्याच 'ळ'चा 'र' होतो. गावातला जन्म-मृत्यू कोतवालाने सांगायचा आणि कागदावर अनेकदा दुसऱ्यानेच उतरवायचा, म्हणजे कानावर पडेल तसं. पुढे साठ-सत्तर वर्षांनी कंत्राटावरच्या एखाद्या मुलाने तो झिजलेला कागद स्क्रीनवर वाचून टाइप केला. एक नाव तीन माणसांच्या कानांतून आणि डोळ्यांतून आलेलं असतं, आणि यंत्र मात्र अक्षराला अक्षर जुळलं तरच 'आहे' म्हणतं. माझ्या पणजोबांच्या नावात 'ष' आहे. तो नोंदीत कसा उतरला असेल, हे मला पहिल्याच रात्री सुचायला हवं होतं.

या प्रश्नाला उत्तर नाही असं मुळीच नाही. उत्तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९१८ मध्ये पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांनी एक पद्धत पेटंट करून घेतली, तिला पुढे साउंडेक्स म्हणू लागले. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. स्पेलिंग कसंही असो, सारखं ऐकू येणारं नाव एकाच कप्प्यात पडतं. तेव्हा संगणक नव्हते, पुठ्ठ्याची कार्डं होती. १९३५ मध्ये अमेरिकेत वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला, तेव्हा वयाचा पुरावा कुठून आणायचा हा प्रश्न आला, कारण असंख्य म्हाताऱ्यांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. म्हणून १८८० च्या जनगणनेतल्या, दहा वर्षं वा त्याहून लहान मुलं असलेल्या कुटुंबांची कार्डं या पद्धतीने लावून घेतली. कारण आपल्यासारखंच होतं: हातात कागद नसलेल्या माणसाला जुन्या सरकारी वहीतून स्वतःला शोधून द्यायचं. पुढे ज्यू कुटुंबांना दिसलं की इंग्रजी नावांसाठी बांधलेली ही पद्धत पूर्व युरोपातल्या नावांना पुरत नाही, तेव्हा १९८५ मध्ये गॅरी मोकोटॉफ यांनी आणि त्यांच्यानंतर रँडी डाइच यांनी तिला आपल्या नावांच्या उच्चाराप्रमाणे वळवलं.

मराठीत हे करणं अवघड नाही. मी ते एका रविवारी, घरच्या टेबलावर, वहीत करून पाहिलं. काना-मात्रा गाळा. श, ष, स एकच धरा. ण आणि न एकच. आता श्रावण, सरावन, शरावण लिहून पाहा. तिन्हींचं उरतं ते स-र-व-न. क्ष आणि ख यांना क च्या घरात घाला, लक्ष्मण आणि लखमन एका जागी येतात. इठोबा-विठोबा मात्र जुळत नाहीत, कारण तिथे सुरुवातच बदलते. त्यासाठी अशा शंभर-दोनशे जोड्यांची वेगळी यादी लागेल, आणि ती यादी कोकणात वेगळी, खानदेशात वेगळी, आमच्याकडे वेगळी असेल. भाषेचा अभ्यास करणारी माणसं आपल्या विद्यापीठांत आहेत, बोलींवर काम झालेलं आहे. प्रोग्रॅम लिहिणारी कितीतरी मुलं या मिहानमध्येच रोज खापरी मेट्रो स्टेशनवर उतरतात. नाही ती फक्त हे काम सांगणारी माणसं.

पण नाव जुळलं तरी काम अर्धंच होतं. गावाचं काय?

इंटरनेटवर 'तेल्हारा' टाका. अकोला जिल्ह्यातला तालुका येतो. आमचं तेल्हारा त्याच्याखाली दबून जातं. 'खापरी' टाका, मेट्रो स्टेशन येतं. महसुलाच्या कागदात तिला 'खापरी (रेल्वे)' म्हणतात, कारण खापऱ्या अनेक आहेत. 'दहेगाव' टाकलं की आयआयएम नागपूर, कारण २०२२ मध्ये तिचा नवा परिसर तिथेच सुरू झाला. शिवाय सावनेर तालुक्यात दहेगाव रंगारी आहेच. 'मिहान' टाकलं तर एम्स आणि फ्लॅटच्या जाहिराती. जुन्या कागदावर यातलं काहीच नाही. तिथे मौजा, पटवारी हलका नंबर, बंदोबस्त नंबर आणि तहसील नागपूर. आजचे हिंगणा, कामठी हे तालुके त्या तहसिलीतून नंतर वेगळे निघाले. ज्याला हे ठाऊक नाही तो चुकीच्या तालुक्यात आयुष्यभर शोधेल.

दुसऱ्या गावातला माणूस निदान गावी जाऊन पारावर विचारू शकतो. तिथे कुणीतरी म्हातारं सांगतं, की तुझ्या आजाच्या आजाला अमुक म्हणत. आमचा पार गेला. माणसं पुनर्वसनाच्या प्लॉटवर, नागपूरच्या लेआउटमध्ये, काही वर्धेकडे विखुरली. आम्हाला विचारायला कागदाखेरीज दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून त्या कागदाला बोलता आलं पाहिजे. ज्यांची गावं धरणात, खाणीत, विमानतळात गेली त्या सगळ्यांसाठी मी हे म्हणते आहे. कोयनेपासून गोसीखुर्दपर्यंत ही माणसं आहेत.

शेवटी वाट दाखवली ती मोठ्या बाबांनी. त्यांचं वय एकोणऐंशी, ऐकू कमी येतं, पण वावराचं काही विचारलं की सगळं ऐकू येतं. मी स्क्रीन दाखवत होते, ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नाव कायले शोधतं वो माय. धुरेकरी कोन होता थे पाय."

धुरेकरी म्हणजे ज्याचा धुरा आपल्या धुऱ्याला लागतो तो. नागपूरकडच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात सोयऱ्याइतकाच जवळचा माणूस, भांडायलाही आणि बैल मागायलाही. मोठ्या बाबांनी बोटांवर चार दिशांचे चार धुरेकरी मोजून सांगितले, वल्दांसकट. त्यातल्या पूर्वेकडच्या घराकडे एक जुना कागद होता, त्यावर खसरा नंबर होता. आमच्या भूसंपादनाच्या निवाड्यातही नंबर होता, पण तो नंतरच्या मोजणीचा, जुन्या पंजीशी जुळत नव्हता. धुरेकऱ्याचा जुना नंबर मिळाल्यावर त्याच्या शेजारचे नंबर एकेक करून पाहिले. तिसऱ्या पानावर पणजोबा होते. 'ष'च्या जागी 'स', नावापुढे 'बा' चिकटलेला, आडनाव नाही, वल्द बरोबर, कौम बरोबर, सा. देह. भावाला फोन केला तेव्हा मला बोलता येईना.

नंतर बाबा सांगत होते. आजोबांच्या अस्थी घेऊन ते प्रयागला गेले होते, तेव्हा पंड्याने त्यांना नाव विचारलंच नाही. आधी जिल्हा, मग गाव, मग जात, मग आजोबांचं नाव. त्याच्या वह्याच तशा लावलेल्या. त्याने वही उघडून गावातल्या आणखी दोन घरांची नावं वाचून दाखवली आणि मग बाबांकडून सही घेतली. हरिद्वारच्या अशा वह्या तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशशास्त्र संस्थेने फिल्मवर उतरवून ठेवल्या आहेत. मॉरिशसमध्ये वेगळी सोय आहे. १८३४ पासून तिथे गिरमिटावर गेलेल्या साडेचार लाखांवर माणसांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती, आणि उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक दिला होता. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या आहेत. नाव कसंही लिहिलेलं असो, क्रमांक हाती लागला की बापाचं नाव, जात, गाव सापडतं. पंड्याकडे गाव ही किल्ली, मॉरिशसमध्ये क्रमांक, आमच्याकडे धुरेकरी. नुसत्या नावावर कुणीच विसंबलेलं नाही. मी उघडलेल्या त्या यादीने मात्र तेवढंच केलं.

हे एका घरापुरतं असतं तर मी वर्तमानपत्राची जागा घेतली नसती. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पुढे महाराष्ट्रभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी वाचणारे बोलावले गेले, मराठवाड्यात निजामकाळातले उर्दू-फारसी कागद उघडले गेले. जानेवारी २०२४ पर्यंत ५४ लाखांवर नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. मराठा आरक्षणाच्या वादावर मला इथे बोलायचं नाही. पण इतक्या प्रमाणात जुनी दप्तरं उघडण्याची संधी पुन्हा लवकर येणार नाही, आणि त्या पानांचं पुढे काय झालं ते पाहा. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ती गावनिहाय फोटोंच्या रूपात चढवली गेली. फोटोतलं अक्षर शोधता येत नाही. पान पान उघडून वाचावं लागतं, तेही मोडी येत असेल तर. 'आपले अभिलेख'वर जुने महसुली कागद घरबसल्या मिळतात, ही फार मोठी सोय आहे आणि तिचं श्रेय भूमी अभिलेख विभागाला दिलंच पाहिजे. पण तिथे गाव, कागदाचा प्रकार आणि सर्व्हे नंबर सांगावा लागतो. ज्याला नंबर ठाऊक आहे त्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. मग सेतूबाहेर बसलेला माणूस म्हणतो, 'दहा हजार द्या, मी काढून देतो.' त्याच्याकडे नंबरांची वही असते, एवढाच त्याचा माल. शोध जितका अवघड, तितका त्याचा धंदा चांगला.

माझ्या मागणीवर एक आक्षेप मी आधीच ऐकला आहे, आणि तो रास्त आहे. सैल शोध दिला की एकाच नावाचे दहा जण समोर येतील, लोक भलत्याच पणजोबांना आपलं म्हणतील. कोतवाल बुकात मागाहून शाईने घुसवलेल्या नोंदी दक्षता पथकांनी पकडल्या आहेत, हे मलाही माहीत आहे. पण शोध आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधाने दहा जण दाखवावेत, त्यातला आपला कोणता हे वल्द, मौजा, खसरा, धुरेकरी यांनी ठरेल आणि ते जात पडताळणी समितीसमोर सिद्ध करावंच लागेल. उलट ज्याला खोटं करायचं आहे त्याला शोधाची गरजच नसते, तो शाई घेऊन जातो. रिकाम्या चौकटीने अडतो तो खरा माणूस.

अमेरिकेत १९५० च्या जनगणनेची पानं ७२ वर्षांची मुदत संपल्यावर १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. हस्ताक्षर यंत्राकडून वाचून घेतलं होतं, त्यात चुका होत्याच. पण प्रत्येक पानाशेजारी कुणालाही बरोबर नाव लिहून सुचवता येत होतं, आणि लोकांनी ते मनापासून केलं. मूळ पानाला हात नाही, शेजारी दुरुस्ती. आपल्याकडे हे झालं तर माझ्या पणजोबांच्या 'स'शेजारी मी 'ष' लिहीन, पुढच्या वेळी आमच्या घरातलं कुणी आलं तर त्याला चार रात्री जागावं लागणार नाही. सरकारने एवढं करावं: उच्चारावर चालणारा मराठी शोध, वडिलांच्या नावानेही शोधायची सोय, जुन्या मौजांची आणि गेलेल्या गावांची आजच्या तालुक्यांशी जोडलेली यादी, आणि नोंदीशेजारी दुरुस्ती सुचवायची जागा. यातलं एकही यंत्र नव्याने शोधून काढायचं नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच शोधाने मिळणार नाही, आणि ती मला अजून छळते. त्या पानांवर माझी पणजी नाही. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि पुढे बहुतेकदा नुसतं 'मुलगी'. व्हॅलिडिटीच्या वंशावळीतही तिला जागा नाही, ती बापाकडून बापाकडे जाते. मोठ्या बाबांना विचारलं तर त्यांनाही आजीचं माहेरचं नाव आठवेना, फक्त ती बुटीबोरीच्या बाजूची होती आणि तिच्या हाताला विंचू उतरत असे, एवढं आठवलं. घरी आता मी एक वेगळी वही केली आहे. त्यात बायकांची नावं आधी लिहिली आहेत, माहेरच्या गावासकट. पणजीच्या पुढे 'बुटीबोरीकडची' एवढंच लिहून जागा सोडली आहे.

तुमच्या घरात ऐंशीच्या आसपासचं कुणी असेल तर यंत्र सुधारायची वाट पाहू नका. या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा. गावाचं जुनं नाव, वावराचा नंबर, आजीचं माहेर, आणि चारही दिशांचे धुरेकरी वल्दासकट लिहून घ्या. मोठ्या बाबांनी सांगितलेल्या चार नावांपैकी एक त्यांना आताच आठवेनासं झालं आहे.